पर्शियन मांजराचं म्हातारपण सातव्या वर्षी सुरू होतं – आमच्या सायच्या निमित्ताने

मृदगंध
९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१२

आमची साय आता साडेअकरा वर्षांची आहे. क्रीम रंगाची पर्शियन, डॉल फेस, म्हणजे चपट्या तोंडाची नव्हे, नाक असलेली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये दोन महिन्यांची असताना घरी आली. दुधाच्या पातेल्यावरून काढलेल्या सायीचा रंग आणि तिचा रंग एकच म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून समोरच्या गच्चीवरची कबुतरं बघणं हा तिचा रोजचा उद्योग. जमिनीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून खिडकीत, दोन उड्यांत काम व्हायचं. २०२३ च्या उन्हाळ्यात ती आधी स्टुलावर चढायला लागली, मग ओट्यावर. आई म्हणाली, "वय झालं तिचं." मलाही पटलं. फरशीवरून चालताना नखांचा टकटक आवाज यायचा, तेही वयावर गेलं. पाण्याच्या भांड्याशी ती जास्त वेळ बसायची, म्हटलं उन्हाळा आहे. लिटर, म्हणजे तिच्या शी-शूच्या पेटीतली वाळू, साफ करताना लघवीचे आधी लिंबाएवढे गोळे निघायचे, ते बेसनाच्या लाडवाएवढे निघायला लागले. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

जवळच्या डॉक्टरांकडे नेलं तर तेही तेच म्हणाले, वय झालंय, पोटात केस गेले असतील, आणि एक पेस्ट लिहून दिली. ती दोन महिने चाटवली. खाणं आणखी कमी झालं तेव्हा दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टर ताईंनी आधी लसीचं कार्ड मागितलं. दर वर्षी लस देताना वजन लिहिलेलं असतं ना, त्यावरून त्या नुसतं बोट फिरवत गेल्या. ४.२. ४.१. ३.९. ३.७. आणि त्या दिवशी काट्यावर ३.४. पाच वर्षांत आठशे ग्रॅम. निळ्या शाईत सगळं लिहिलेलं होतं, कार्ड माझ्याच कपाटात होतं, आणि मी एकदाही ते वरून खाली वाचलं नव्हतं.

रक्त तपासलं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते, ३.१ आलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याच्या गाठी दिसल्या. पर्शियनमध्ये हा आनुवंशिक आजार फार आहे, पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, त्याला पीकेडी म्हणतात. त्या गाठी ती जन्माला येतानाच घेऊन आली होती. नऊ वर्षं हळूहळू मोठ्या होत होत्या.

आज ती बरी आहे. म्हणजे आजार आहेच, पण खाते, खिडकीत बसते, मला शिव्या देते. धागा काढण्याचं कारण एवढंच की "वय झालं" या दोन शब्दांनी आमचे कित्येक महिने खाल्ले. मांजराचं म्हातारपण नजरेला दिसतं तेव्हा ते बरंच पुढे गेलेलं असतं. पर्शियन असेल तर सातव्या वर्षापासून वजन आणि रक्त बघायला सुरुवात करा, हे मला प्रत्येक पर्शियनवाल्याच्या दारात जाऊन सांगावंसं वाटतं.

तुमची मांजरं किती वर्षांची आहेत? काय काय बदल दिसले? लिहा प्लीज.

कस्तुरी_नागपूर
९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

बाई गं, वाचता वाचता कार्ड शोधायला उठले. आमचा शेरू आठ वर्षांचा आहे, पंच फेस, म्हणजे चपट्या तोंडाचा. सकाळी सविस्तर लिहिते.

देवगडवाला
९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:०५

सायला खूप प्रेम. आमच्याकडे पर्शियन नाही, अंगणात जन्मलेला गावठी बोका आहे. सोळा वर्षं झाली. एक कान फाटलेला, दोन दात उरलेत, तरी बांगडे आणले की पायात येतो. इथे सगळे म्हणतात की जातिवंत मांजरं लवकर जातात आणि गावठी टिकतात. हे खरं आहे की आपलं समाधान? कोणाला माहीत असेल तर आकड्यांसकट सांगा.

अमृता_यूके
१० नोव्हेंबर २०२५, पहाटे ३:३०

देवगडवाला, आकडे आहेत. इथे लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचा व्हेटकंपास नावाचा मोठा प्रकल्प आहे. देशभरातल्या साध्या दवाखान्यांतल्या नोंदी ते एकत्र करतात. २०२४ मध्ये त्यांनी मांजरांची आयुर्मान सारणी प्रसिद्ध केली, आपल्याकडे विम्यासाठी माणसांची असते तशी. २०१९ ते २०२१ च्या मार्चपर्यंत मेलेल्या ७,९३६ मांजरांच्या नोंदींवरून. त्यात जन्माच्या वेळचं सरासरी अपेक्षित आयुष्य सगळ्या मांजरांचं मिळून ११.७ वर्षं आलं. बर्मीज आणि बर्मन सर्वांत वर, १४.४. मिश्र जातीची म्हणजे तुमच्या बोक्यासारखी ११.९. सयामी ११.७. पर्शियन ११ च्या आसपास. बंगाल ८.५. आणि अंगावर केस नसलेलं स्फिंक्स फक्त ६.७. माद्या बोक्यांपेक्षा साधारण सव्वा वर्ष जास्त जगतात असंही त्यात आहे.

म्हणजे "जातिवंत लवकर जातात" हे सरसकट खरं नाही. जात कुठली यावर आहे. बर्मीज गावठीला मागे टाकतं आणि स्फिंक्स निम्म्यावर येतं. पर्शियन गावठीच्या थोडं खाली आहे, फार खाली नाही.

पण मृदगंध, ११ हा आकडा वाचून घाबरू नकोस. त्यात पिल्लू असताना गेलेली, गाडीखाली आलेली अशी सगळी धरलेली असतात. ज्या मांजराने दहावं वर्ष ओलांडलं त्याचं पुढचं गणित वेगळं असतं. याच लोकांचा २०१९ चा फक्त पर्शियनवरचा अभ्यास आहे, ३,२३५ मांजरांचा. त्यात मृत्यूच्या वेळचं मधलं वय साडेतेरा होतं. आणि मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण काय, तर किडनी. जवळपास चारातलं एक. कॅन्सर त्याच्या बराच खाली.

माझी पर्शियन, बिंदी, मी तिला निवाऱ्यातून आणली तेव्हा नऊची होती. चौदाव्या वर्षी गेली. किडनीच.

पशुवैद्य_नाशिक
१० नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:५०

मृदगंध ताई, धागा फार उपयोगाचा आहे. थोडी भर घालतो.

वयाचा हिशोब आधी सांगतो, कारण "मांजराचं एक वर्ष म्हणजे आपली सात" हे चूक आहे. मांजर पहिल्या वर्षात आपल्या पंधरा वर्षांएवढं मोठं होतं, दुसऱ्याच्या शेवटी चोवीसचं, आणि तिथून पुढे दर वर्षाला चार. म्हणजे सात वर्षांचं मांजर चव्वेचाळीसचं, आणि साय जवळपास बासष्टची. चव्वेचाळिशीत आपण स्वतःची शुगर-बीपी बघायला लागतो ना? मग मांजराची का नाही?

आता किडनी. मांजराच्या किडनीत राखीव ताकद भरपूर असते. क्रिएटिनिन हमखास वाढलेलं दिसतं तेव्हा साधारण पाऊण काम बंद पडलेलं असतं. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. एसडीएमए नावाची तपासणी आता मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होते, ती बरीच आधी इशारा देते. त्याहून स्वस्त म्हणजे लघवीची घनता. निरोगी मांजराची लघवी घट्ट असते. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०३५ च्या खाली यायला लागली की किडनी पाणी राखू शकत नाहीये हे कळतं. लाडवाएवढे गोळे म्हणजे तेच. लघवी पातळ आणि जास्त, म्हणून तहान जास्त. लोकांना वाटतं पाणी जास्त प्यायल्यामुळे लघवी जास्त होते. गाडी उलटी आहे.

क्रिएटिनिन १.६ ते २.८ म्हणजे किडनीच्या आजाराची दुसरी पायरी, २.९ ते ५ तिसरी, त्यापुढे चौथी. साय तिसऱ्या पायरीच्या उंबरठ्यावर सापडली. दुसऱ्या पायरीवर सापडलेली मांजरं योग्य आहारावर अनेक वर्षं काढतात, म्हणून लवकर शोधायचं. आणि कार्डावरच्या वजनाबद्दल तुम्ही लिहिलंत ते सोन्यासारखं आहे. किडनीचं निदान होण्याच्या तीन तीन वर्षं आधीपासून मांजराचं वजन उतरायला लागलेलं असतं, हे अभ्यासातही दिसलंय. पर्शियनच्या बाबतीत अडचण अशी की केस इतके दाट, की आतलं शरीर वाळलं तरी डोळ्यांना तेवढंच दिसतं. हाताने कणा चाचपून बघा.

मृदगंध
१० नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:१५

डॉक्टर, अगदी हेच! आंघोळ घातल्यावर ओली झाली तेव्हाच आम्हाला ती खरी केवढी आहे ते दिसलं. बाबा दारात उभे होते, काही न बोलता आत गेले.

शंतनू_ठाणे
१० नोव्हेंबर २०२५, दुपारी १२:३०

मी पुढच्या महिन्यात पर्शियनचं पिल्लू घ्यायच्या विचारात आहे. ब्रीडर म्हणतो "ट्रिपल कोट, प्युअर, सगळी लसीकरणं झालेली". पीकेडीबद्दल विचारलं तर म्हणाला, आमच्या लाईनमध्ये, म्हणजे वंशात, असलं काही नाही. यावर विश्वास ठेवावा का? काय विचारायचं असतं?

पशुवैद्य_नाशिक
१० नोव्हेंबर २०२५, दुपारी २:०५

शंतनू, तोंडी भरवशावर घेऊ नका. पीकेडीचं कारण असलेला जनुकातला बदल २००४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी शोधला. तेव्हापासून गालाच्या आतून कापसाच्या काडीने पुसून डीएनए चाचणी होते. ती चाचणी यायच्या आधी इंग्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इथे सोनोग्राफीच्या पाहण्या झाल्या होत्या, त्यांत पर्शियनपैकी चाळीस ते पन्नास टक्के मांजरांना गाठी निघाल्या. चाचणी करून आजारी मांजरांची पैदास थांबवली की हा आजार पुढच्या पिढीत जातच नाही.

हा दोष प्रबळ प्रकारचा आहे. आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडून जरी आला तरी आजार होतोच. वाहक पण निरोगी अशी स्थिती यात नाही. एक पालक बाधित असेल तर प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता. म्हणून ब्रीडरला "लाईन" विचारू नका, आई आणि बाप दोघांच्या चाचणीचा कागद मागा. कागद नसेल तर किमान दोघांची सोनोग्राफी. दहा महिन्यांच्या पुढच्या मांजरात अनुभवी डॉक्टरला गाठी बहुतेक वेळा दिसतात. पिल्लाच्या सोनोग्राफीवर मात्र भिस्त ठेवू नका, गाठी तेव्हा बारीक असतात.

कस्तुरी_नागपूर
१० नोव्हेंबर २०२५, दुपारी ३:४८

शंतनू, आणि कृपा करून पंच फेस घेऊ नका. माझ्याकडे आहे म्हणून सांगते. शेरूवर जीव आहे माझा, पण त्याचे हाल मी रोज बघते. नाक डोळ्यांच्या रेषेत चढलेलं, त्यामुळे अश्रूंची नळी दबलेली. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसावे लागतात, नाही पुसले तर कोपऱ्यात तपकिरी खपली धरते आणि खालची कातडी सोलते. खोल वाटीतून खाता येत नाही, पसरट बशीच्या कडेला खाणं लावून द्यावं लागतं. दात वेडेवाकडे दाटीवाटीने आलेले, पाचव्या वर्षी तीन काढले. आणि नागपूरचा मे महिना! पारा ४५ ला गेला की लांब नाकाचं मांजर धापून थोडीफार उष्णता बाहेर टाकतं, याला तेही धड जमत नाही. कूलरसमोर ओला पंचा अंथरून ठेवते, मातीच्या दोन कुंड्यांत पाणी, दुपारी बारा ते पाच बाल्कनीचं दार बंद.

डॉल फेसला हा त्रास बराच कमी. आणि जुन्या काळचं पर्शियन असंच होतं. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, त्या काळची चित्रं बघा, पर्शियनला छान नाक आहे. चपटं तोंड नंतर पैदाशीतून आणलंय.

आता कार्डाचं. सापडलं. शेरूची वजनं: ५.१, ५.०, आणि या जुलैमध्ये ४.६. मला तर तो तेवढाच गुबगुबीत वाटतो. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्ताला नेते.

मृदगंध
१० नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ६:२०

कस्तुरी, ने नक्की. लघवीचंही सांग त्यांना. रिपोर्ट आला की इथे टाक, वाट बघते.

सुनिता_मिरज
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ८:१०

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमची मोती तेरा वर्षांची. मागचे केस विंचरूच देत नाही, कमरेजवळ जटा झाल्यात. आधी ती स्वतः चाटून लख्ख असायची. आता लिटरच्या पेटीतही जात नाही, शेजारी करते. सासूबाई म्हणतात भ्रमिष्ट झाली. तिला दुखत असेल का? पावर लहान करून क्रोसिन दिली तर चालेल का?

पशुवैद्य_नाशिक
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ८:१४

सुनिता ताई, क्रोसिन अजिबात नको! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. त्यांच्या यकृतात ते पचवायची सोयच नाही, अर्ध्या गोळीनेही जीव जातो. दिली असेल तर आत्ता लगेच दवाखाना गाठा. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन काहीच नको.

सुनिता_मिरज
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ८:२१

नाही नाही, दिली नाही. हात थरथरतायत माझे. बरं झालं विचारलं.

पशुवैद्य_नाशिक
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ८:४५

बरं झालं. आता शांतपणे सांगतो. तिला दुखतच असणार. बारा वर्षांपुढच्या मांजरांचे एक्स-रे काढले तर दहातल्या नऊ जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसते. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. ते फक्त गोष्टी करायचं सोडून देतं. उडी सोडतं, मागे वळून कंबर चाटायचं सोडतं, नखं झाडाला घासायचं सोडतं, म्हणून नखं वाढून वळतात. सायचा टकटक आवाज तोच. मोतीच्या लिटरपेटीची कड किती उंच आहे? ती ओलांडताना मागचे पाय दुखतात. पसरट ट्रे घ्या, एका बाजूची कड चार बोटं उंच असेल असा. जटा ओढू नका, पर्शियनची कातडी कागदासारखी असते, कात्रीनेही कापली जाते. दवाखान्यात मशीनने काढून घ्या. दुखण्यावर मांजराला चालणारी औषधं आहेत, पण किडनीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय कोणी देऊ नये.

आणि तेरा वर्षं म्हणजे थायरॉइडचं टी-४ आणि बीपीही बघून घ्या. भरपूर खाऊनही वजन उतरतंय, रात्री-अपरात्री ओरडतंय, तर थायरॉइड. बीपी वाढलं तर एका रात्रीत दृष्टी जाऊ शकते. भ्रमिष्टपणा असतोही, पण तो सगळं तपासून झाल्यावर शेवटी म्हणायचा.

आबा_वाई
११ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६:३०

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. हे सगळं वाचून थोडं वेगळं लिहावंसं वाटलं, कोणी राग मानू नये.

आमची सयामी होती, कृष्णी. अठरा वर्षं जगली. शेवटचं वर्ष तिचंही किडनीचं. रोज कातडीखाली सलाईन द्यायला सांगितलं होतं. मुलगा द्यायचा, मी धरायचो. पहिले पाच-सहा महिने तिला गुण आला, नाही म्हणत नाही. मग ती आमच्या हातात बाटली दिसली की पलंगाखाली, पार भिंतीला टेकून बसायला लागली. ओढून काढायचं, टोचायचं, सोडायचं. ज्या मांडीवर ती अठरा वर्षं झोपली त्या मांडीची तिला भीती बसली. त्या दिवशी मी मुलाला म्हटलं, पुरे. त्यानंतर ती सतरा दिवस होती. रोज संध्याकाळी तुळशीपाशी उन्हात येऊन बसायची, आणि माझ्या मांडीवर परत यायला लागली.

आयुष्य लांबवता येतं म्हणून लांबवतच राहायचं का, एवढंच मला विचारायचं आहे. मृदगंध बेटा, तुझ्यावर टीका नाही ही.

मृदगंध
११ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:००

आबा, राग कसला. दोनदा वाचलं तुम्ही लिहिलेलं.

आमच्याकडे एक दिवसाआड शंभर मिली आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन, देतो. पडद्याच्या दांड्याला बाटली टांगायची, त्याआधी पाच मिनिटं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, गार गेलं की ती शहारते. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत धरून स्काल्पव्हेनची बारीक सुई. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून सुई आरपार गेली आणि सगळं पाणी माझ्या मांडीवर. आता सात-आठ मिनिटांत होतं. तेवढा वेळ बाबा तिच्यापुढे हाताच्या तळव्यावर कोंबडीच्या सूपचा एकेक थेंब धरतात, बिनमिठाचं, बिनकांद्याचं. पाणी गेलं की पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो, तासाभरात तो पुढच्या पायाकडे उतरतो आणि मग नाहीसा होतो. ती तो उंचवटा घेऊन थेट खिडकीकडे जाते.

अजून तरी ती बाटली बघून पळत नाही. ज्या दिवशी पलंगाखाली जाईल त्या दिवशी मला तुमची कृष्णी आठवेल. आमच्या डॉक्टर ताईंशीही हे आधीच बोलून ठेवलंय. पण आबा, आजार कळला तो दिवस आणि आजचा दिवस यांच्यामध्ये दोन वर्षं गेली आहेत, आणि ती दोन वर्षं तिची चांगली गेली आहेत.

आबा_वाई
११ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:४०

मग दे. जोवर ती खिडकीकडे जातेय तोवर दे.

देवगडवाला
११ नोव्हेंबर २०२५, दुपारी १:१५

आबा, तुमचं वाचून दुकानात बसल्या जागी डोळे भरले. अमृता, आकड्यांसाठी आभार. आमच्या बोक्याचं वजन आयुष्यात कधी केलं नव्हतं. आज नारळाच्या काट्यावर केलं, ३ किलो ९००. वहीत लिहून ठेवलं.

एक विचारायचं होतं. दूध द्यावं का म्हाताऱ्या मांजराला? आणि त्या किडनीच्या खाण्यात वेगळं असतं काय?

पशुवैद्य_नाशिक
११ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:३०

मोठ्या मांजराला दुधाची गरज नाही, बऱ्याच जणांना पचत नाही. किडनीच्या खाण्यातली मुख्य गोष्ट म्हणजे फॉस्फरस कमी. अशक्त किडनी फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाही, तो रक्तात साठतो आणि उरलेल्या किडनीचंही नुकसान करतो. सुके बोंबील, सुकट, काट्यांसकट मासे यांत तो भरपूर. निरोगी मांजराला अधूनमधून चालतील, किडनीवाल्याला नकोत. पण लक्षात ठेवा, किडनीचं खाणं समोर ठेवून मांजर उपाशी राहत असेल तर त्याचा उपयोग नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः जाड असेल, तर यकृतात चरबी साचून वेगळंच संकट येतं. हळूहळू, जुन्यात नवं मिसळत, तीन-चार आठवडे घेऊन बदल करा.

बोका सोळाचा आहे, रक्त एकदा बघून घ्या. ३.९ आज चांगलंच आहे, पण महिन्याने किती भरतं ते महत्त्वाचं.

अमृता_यूके
१२ नोव्हेंबर २०२५, पहाटे २:५०

आणि घरात फुलदाणीत लिली नको. बुकेमधून येते ना ती मोठी, परागांची. पान, परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी धडधाकट मांजराची किडनी तीन दिवसांत बंद पडते. बिंदी असताना माझ्या वाढदिवसाला कोणीतरी आणली होती, मी गुच्छ जिन्यातच उघडून लिली बाजूला काढली.

कस्तुरी_नागपूर
१३ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ७:२५

शेरूचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.९. लघवीची ग्रॅव्हिटी १.०२२. सोनोग्राफीत गाठी नाहीत, पण उजवी किडनी थोडी लहान आहे. दुसरी पायरी म्हणाले. बीपी १४५, ठीक आहे. दाताखाली पू आहे, आधी अँटिबायोटिक आणि मग बेशुद्ध करून दात काढायचे की नाही ते पंधरा दिवसांनी ठरवू म्हणाले. ओल्या खाण्यावर आणायला सांगितलंय, सुकं बंद करत करत.

घरी आल्यावर त्याला मांडीवर घेऊन कणा चाचपला. एकेक मणका हाताला लागला. आठ वर्षं रोज विंचरते मी त्याला, आणि मला कळलं नव्हतं.

मृदगंध
१३ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ७:४०

कस्तुरी, १.९ आहे. साय ३.१ वर सापडली होती आणि दोन वर्षं झाली. तुझ्या हातात तिच्यापेक्षा खूप जास्त वेळ आहे. रात्री फोन करते, ओलं खाणं कसं सुरू केलं ते सगळं सांगते.

शंतनू_ठाणे
१६ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:००

ब्रीडरकडे कागद मागितला. आधी चिडला, मग म्हणाला असलं कोणी विचारत नाही. मी पिल्लू घेतलं नाही. एका ओळखीच्यांची सहा वर्षांची पर्शियन आहे, ते परदेशी चाललेत, तिला घर हवंय. डॉल फेस, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. शनिवारी तिची सोनोग्राफी करून घेतोय. गाठी निघाल्या तरी आणणार आहे, हे घरात ठरलंय. फक्त माहीत असलेलं बरं.

सुनिता_मिरज
१८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:००

मोतीसाठी ताटासारखा पसरट ट्रे आणला. पहिल्याच रात्री आत गेली. जटा काढल्यावर कमरेला खाली लाल चट्टे होते, केसांनी ओढून ओढून झालेले. सासूबाई स्वतः खोबरेल लावायला निघाल्या होत्या, डॉक्टरांनी मलम दिलंय म्हणून थांबवलं. त्याच आता रोज तिला उचलून उन्हात ठेवतात.

मृदगंध
३० नोव्हेंबर २०२५, रात्री १०:३०

सायचं महिन्याचं वजन आज केलं. लहान बाळांचा काटा घेतलाय, त्यात दहा ग्रॅमसुद्धा कळतात. ३ किलो ३५०. मागच्या महिन्यात ३ किलो ३६० होतं. डॉक्टर ताई म्हणाल्या, टिकलंय.

बाबांनी तिच्यासाठी माळ्यावरचे जुने पाट काढले. आजीच्या पंगतीचे, पितळी फुल्या ठोकलेले. तीन पाट एकावर एक खिळवून खालची पायरी, मग स्टूल, मग ओटा. खिडकीच्या कडेला गोणपाट चिकटवलंय, नखं रुतायला. दोन दिवस ती पाटांना वळसा घालून जमिनीवरच बसून राहिली आणि वर बघत राहिली. आज सकाळी दूध उतू जाऊ नये म्हणून मी गॅसपाशी उभी होते, तर पायाला काहीतरी घासलं. पाटावर चढली. तिथे बसली, पुढचा पाय चाटला. मग स्टूल. तिथे पुन्हा थांबली. मग ओट्यावरून माझ्या हाताच्या मागून निघून खिडकीत.

कबुतरं आलेली होती.